रिबाउंडला गेलं की फास्ट ब्रेक, मागं राहिलं की हात रिकामे: हा घोळ कसा सोडवायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कुठल्याही बास्केटबॉल टुर्नामेंटला जावा, बेंचवरनं एकच आरडाओरडा ऐकू येतोय. पहिल्या हाफमध्ये कोच ओरडत असतोय, "अरे आत जावा की, रिबाउंड कोण घेणार, तुमचा काका?" आणि दुसऱ्या हाफमध्ये तोच माणूस त्याच पोरांना, "आत काय करूलाय रे, माघारी पळा!" पोरं बिचारी ना आत ना बाहेर, फ्री थ्रो लाइनच्या आसपास मान वर करून बॉल बघत उभी. आणि खरा रोग तिथंच आहे. रिबाउंडला, म्हणजे चुकून उडालेला बॉल पकडायला, तिघं पाठवायचे की दोघं, हा वाद नंतरचा. शॉट सुटल्यावर ज्यानं काहीच ठरवलेलं नाही तो प्लेअर तुम्हाला रिबाउंडही देत नाही आणि डिफेन्सही देत नाही, आणि बहुतेक टीमांत असे दोन-तीन असतात.

सीझन सुरू झाला की "रिबाउंडला जायचं की माघारी पळायचं" हा प्रश्न मला कुठनं ना कुठनं येतोच, म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकतो, मग लिंक फेकायला बरं पडेल.

आधी बघा की दुखणं तेच आहे का

"आम्ही फास्ट ब्रेकवर मार खातोय", म्हणजे आम्ही माघारी यायच्या आत समोरचे पळून बास्केट टाकतात, असं जो म्हणतो त्याला मी पहिलं सांगतो की मॅचचं मोबाइलवरचं शूटिंग काढ. नसेल तर पुढच्या मॅचला कुणाला तरी गॅलरीत किंवा कंपाउंडच्या भिंतीवर बसव आणि आडवा मोबाइल धरायला सांग (आडवा, उभा नको, उभ्या व्हिडिओत अर्धं कोर्ट गायब असतंय). मग समोरच्यांनी पळून टाकलेलं प्रत्येक बास्केट बघायचं आणि एकच विचारायचं, बॉल त्यांच्याकडं कसा गेला? तीन उत्तरं येतात. आपला पास चोरला किंवा ड्रिबल सुटला. आपला शॉट चुकला आणि त्यांनी रिबाउंड घेतला. नाहीतर आपलं बास्केट झालं आणि आपण हातावर हात मारत बसलो तोवर त्यांनी बेसलाइनवरनं लांब पास टाकला.

यातल्या फक्त मधल्या प्रकाराचा रिबाउंडशी संबंध आहे. पहिला प्रकार जास्त असेल तर तुमचं दुखणं पासिंगचं आहे, आणि तिथं मोठ्या पोरांना आत जाऊ नका म्हणून सांगणं म्हणजे उगाच स्वतःचे रिबाउंड घालवणं. चोरलेल्या बॉलवरचा ब्रेक सगळ्यात वाईट कारण त्यावेळी आपले पाचही जण पुढं तोंड करून असतात, आणि रिबाउंडवर निदान बॉल हवेत असतानाचा वेळ तरी मिळतोय. हे वेगळं न करता "ट्रान्झिशन डिफेन्स (बॉल गेल्यावर माघारी येऊन अडवणं) खराब" असा एकच शिक्का मारला की मग औषध भलतंच होतंय.

आणखी एक चौथा प्रकार आहे जो कुणी मोजत नाही. आपला गार्ड आत घुसून लेअप (रिंगजवळनं टाकायचा शॉट) मारतो, चुकतो, बेसलाइनच्या पलीकडं पडतो आणि तिथनंच रेफरीकडं हात पसरून बघतोय. तेवढ्यात समोरचे पाच विरुद्ध आपले चार. हे रिबाउंडचं पाप नाही, हे तोंडाचं पाप आहे, आणि याला कुठलीही सिस्टीम चालत नाही, सरळ बाहेर बसवायचं.

एनबीएवाल्यांनी काय केलं

हा घोळ फक्त आपला नाही. ऐंशीच्या दशकात एनबीएत (अमेरिकेतली प्रो लीग) टीमा स्वतःच्या चुकलेल्या शॉटपैकी जवळपास एक तृतीयांश बॉल परत मिळवायच्या. मोझेस मलोननं १९७८-७९ च्या एका सीझनमध्ये ५८७ ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपल्याच टीमच्या चुकलेल्या शॉटवरचे) घेतले, तो रेकॉर्ड अजून तसाच आहे. मग हळूहळू उलटं वारं सुटलं. कोच ग्रेग पोपोविचच्या सॅन अँटोनियो स्पर्सनी आणि डॉक रिव्हर्सच्या बॉस्टन सेल्टिक्सनी शॉट सुटला की माघारी पळायचं असंच धोरण ठेवलं, ऑफेन्सिव्ह रिबाउंड गेला तर गेला. स्पर्स तर जिंकतच होते, त्यामुळं सगळ्यांनी कित्ता गिरवला. त्यात थ्री पॉइंटर वाढले, मोठे प्लेअरसुद्धा रिंगपासून लांब उभे राहायला लागले, आणि २०१० च्या दशकाच्या शेवटी लीगचा आकडा २२-२३ टक्क्यांवर आला.

आता गेल्या काही सीझनमध्ये परत उलटं चाललंय. २०२३ च्या प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क निक्सनी क्लीव्हलंडला पहिल्या राउंडमध्ये ४-१ नं घालवलं, ती सीरिज ज्यांनी सकाळी सकाळी उठून बघितली असेल त्यांना निक्सचा सेंटर मिचेल रॉबिन्सन आठवत असेल, क्लीव्हलंडचे दोन उंच प्लेअर असूनसुद्धा तो बॉल काढून काढून देत होता. २०२४-२५ ला ह्यूस्टन रॉकेट्स ऑफेन्सिव्ह रिबाउंडमध्ये लीगमध्ये एक नंबर, इमे उडोका कोच, स्टीवन अ‍ॅडम्स आणि आल्परेन शेंगुन दोघांना एकत्र सुद्धा खेळवायचे, आणि तरी त्यांचा डिफेन्स लीगच्या पहिल्या पाचात होता. म्हणजे दोन्ही एकत्र जमत नाही हे म्हणणं खरं नाही.

गणित सोपं आहे, कागदावर करून बघा. एनबीएत एका टीमचे एका मॅचला साधारण ४५ शॉट चुकतात असं धरा. त्यातले २२ टक्के परत मिळवले तर १० बॉल, २८ टक्के मिळवले तर साडेबारा. अडीच जास्त चान्स, एका चान्सला साधारण १.१ पॉइंट धरला तर पावणेतीन पॉइंट. आता समोरच्याला ब्रेक मिळाला तर तो सेट (जागेवर येऊन उभ्या राहिलेल्या) डिफेन्ससमोर खेळण्यापेक्षा किती जास्त कमावतो? दर चान्सला ०.१५ ते ०.२ पॉइंट धरा. म्हणजे ते पावणेतीन पॉइंट परत द्यायला चौदा ते अठरा जादा ब्रेक द्यायला लागतील. फक्त रिबाउंडला एक माणूस जास्त पाठवल्यामुळं एवढे ब्रेक कुणी देत नाही.

पण हे गणित जसंच्या तसं आपल्याकडं आणू नका. आपल्या लेव्हलला सेट डिफेन्ससमोर पोरांचा शॉट कच्चा असतोय आणि मोकळा लेअप मात्र जातोच, म्हणजे ब्रेकचा फरक ०.१५ नाही, समजा ०.६ धरला तर पाच ब्रेक दिले की तुमचा सगळा फायदा साफ. दुसरीकडं आपल्याकडं शॉट चुकतात पण जास्त, म्हणजे घ्यायला बॉलही जास्त. त्यामुळं उत्तर "पाठवा" किंवा "पाठवू नका" असं नाही, कोण कुठनं जातोय यावर आहे.

मोठे आत, छोटे मागं हा नियम कुठं फसतो

आपल्याकडं सगळ्या कोचांचा हाच नियम. सेंटर आणि फॉरवर्ड आत, पॉइंट गार्ड मागं. ऐकायला बरं वाटतंय. पण पॉइंट गार्डच ड्राइव्ह मारून रिंगखाली गेला तर मागं कोण? उत्तर कुणाकडं नसतंय, कारण "मागं" हे त्या पोराच्या नावाला चिकटवलेलं आहे, जागेला नाही. तो आत गेला, त्याची जागा रिकामी, समोरचा गार्ड एक पास घेऊन एकटा पळतोय.

म्हणून नियम जागेवर लावा. शॉट सुटताना जो वर आहे, म्हणजे थ्री पॉइंट लाइनच्या माथ्यावर किंवा त्याच्या आसपास, तो मागं, मग तो सहा फूट पाच इंच का असेना. जो कॉर्नरमध्ये आहे तो आत. हे ऐकून लोक म्हणतात कॉर्नरमधला पोरगा तर छोटा शूटर असतोय, त्याला आत का पाठवायचं? कारण तो आधीच बेसलाइनजवळ आहे. तो तिथं उभा राहून सुद्धा डिफेन्सच्या काही कामाचा नाही, त्याला माघारी यायला सगळं कोर्ट पळायचंय. फिबाचं (बास्केटबॉलची जागतिक संघटना) कोर्ट २८ मीटर लांब असतंय, कॉर्नरमधनं निघालेला माणूस वरनं निघालेल्या माणसाच्या निदान सहा-सात मीटर मागं असतोय. मग त्याला आत पाठवून काय घालवलं? जवळजवळ काहीच नाही. उलट त्याच्यावरचा डिफेंडर बहुतेक वेळा आतल्या बाजूला मदतीला गेलेला असतोय आणि पाठ करून उभा असतोय, बेसलाइनवरनं मागनं आलेला माणूस त्याला दिसतच नाही.

त्यात पण एक बारकावा आहे. एका कॉर्नरमधनं शॉट चुकला की बॉल बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूला जातोय. म्हणजे शॉट मारणाऱ्यापेक्षा समोरच्या कॉर्नरमधला पोरगा जास्त महत्त्वाचा. आणि लांबनं मारलेला शॉट लांब उडतोय, तर थ्री चुकला की सगळ्यांनी रिंगखाली गोळा व्हायचं काही कारण नाही, बॉल डोक्यावरनं जाणार. आपल्याकडच्या सिमेंटच्या कोर्टांवर तर रिंग इतक्या कडक, काही ठिकाणी नुसतं लोखंड वेल्डिंग करून बसवलेलं, स्प्रिंग नाही काही नाही, बॉल फ्री थ्रो लाइनच्या बाहेर येतोय. नवीन ग्राउंडवर गेला की वॉर्मअपमध्ये शॉट किती लांब उडतोय ते आधी बघून घ्या, आणि त्यावर ठरवा तिसरा माणूस किती आत पाठवायचा.

टॅग अप: आत जायचं पण पलीकडं नाही

आता मुख्य भाग. जुन्या पद्धतीत रिबाउंडला जाणारा माणूस डिफेंडरला वळसा घालून त्याच्या आणि रिंगच्या मधे घुसायला बघतो. घुसला तर उत्तम, नाही घुसला तर तो बेसलाइनला अडकला आणि त्याचा माणूस मोकळा पळाला. फास्ट ब्रेक इथंच जन्मतो.

ऑस्ट्रेलियन कोच एरन फर्ननं यावर टॅग अप नावाची पद्धत लावून धरली आणि आता ती एनबीएपर्यंत पोचली आहे. यात शॉट सुटला की प्रत्येकानं जवळचा एक माणूस पकडायचा आणि त्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे तो आणि हाफ लाइन यांच्या मधे, छाती लावून उभं राहायचं आणि पायाच्या जोरावर त्याला रिंगकडं रेटायचं. तो बॉक्स आउट करतोय ना, म्हणजे पाठीनं तुम्हाला अडवतोय? करू दे, त्याला अजून आत ढकल. बघा यात काय होतंय. बॉल लांब उडाला तर तो रिंगखाली दबलेला, बॉल तुमच्याकडं. बॉल त्याला मिळाला तर तुम्ही आधीच त्याच्या आणि तुमच्या बास्केटच्या मधे उभे, डिफेन्स तिथंच चालू. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांच्या कुणालाच लवकर पळता येत नाही, कारण पळाला की रिबाउंड तुमचा. म्हणजे रिबाउंडला जाणं हाच ट्रान्झिशन डिफेन्सचा पहिला भाग झाला. हे ज्या कोचला पटलं त्याचा अर्धा प्रश्न सुटला असं माझं मत आहे.

दोन ठिकाणी हे बिघडतं. एक, पोरं हातानं ढकलतात, मग फाउल. हात वर, जोर मांडीचा आणि छातीचा, आणि आधी जागा घ्यायची मग जोर, धावत येऊन पाठीवर आदळायचं नाही. आणि फिबाच्या नियमात एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पुढच्या फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो, त्यामुळं चार फाउल भरलेत तर त्या क्वार्टरपुरता जोर कमी करा, नुसतं वरच्या बाजूला उभं राहा. आपल्याकडं रेफरी पण वेगवेगळे, कुणी काहीच वाजवत नाही, कुणी हात लागला तरी शिट्टी, ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखायचं. दोन, सगळेच टॅग करायला गेले आणि वर कुणीच राहिलं नाही. एनबीएत काही टीमा पाचही जण पाठवतात ते त्यांच्या पायात ती ताकद आहे म्हणून, आपण सुरुवातीला चौघं टॅग आणि एक सेफ्टी (मागं राहणारा) असंच ठेवावं, आणि टीम कच्ची असेल तर तीन-दोन.

बॉल गेला, आता पहिले तीन सेकंद

त्यांनी रिबाउंड घेतला की सगळ्यात जवळच्या माणसाचं काम बॉल हिसकावणं नाही. हे आपल्या पोरांना मरेपर्यंत कळत नाही, हात घालतात, फाउल होतो नाहीतर तो वळून निघून जातो. हात वर करून त्याच्या तोंडासमोर उभा राहा, एवढंच. त्याला आउटलेट पास (ब्रेक सुरू करणारा पहिला पास) टाकायला एक सेकंद उशीर झाला की मागचे दोघं पोचले.

मागच्या दोघांची कामं वेगळी. जो सगळ्यात मागं आहे तो सरळ पेंटमध्ये, रिंगसमोर, कुणालाही उचलायला बाहेर यायचं नाही. दुसरा बॉलला अडवतो. ठिकाण म्हणाल तर थ्री पॉइंट लाइनच्या आधी, हाफ लाइनच्या जवळ जमलं तर अजून चांगलं, आणि त्यानं बॉल घ्यायचा नाही, फक्त ड्रिबल मारणाऱ्याला एकदा दिशा बदलायला लावायची. पळताना पहिली चार-पाच पावलं मागं न बघता जोरात, मग वळून बॉल शोधायचा. उलटं पळणं, म्हणजे तोंड पुढं ठेवून पाठीमागं पाय टाकत जाणं, हे बघायला डिफेन्ससारखं दिसतंय पण लै स्लो आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडं पावसाची झड लागलेली असते आणि उघडं सिमेंट कोर्ट शेवाळलेलं, तिथं तर उलटं पळायचा विचारही नको, डोकं फुटेल.

पकडून थांबवायची जुनी युक्ती पण आता महागात पडते. ब्रेक रोखायला उगाच धरलं तर फिबाच्या नियमात अनस्पोर्ट्समनलाइक फाउल, दोन फ्री थ्रो आणि वर बॉल पण त्यांचाच. एनबीएनं सुद्धा २०२२-२३ पासून अशा फाउलला एक फ्री थ्रो आणि बॉल अशी शिक्षा लावली.

बोलणं हा आपल्या बाजूचा खास प्रॉब्लेम. एका टीममध्ये शहापूरचा पोरगा मराठीत ओरडतोय, गोकाकचा कन्नडमध्ये, तिसरा कॅम्पातला हिंदीत, आणि सगळे एकदम. प्रॅक्टिसला दोनच हाका ठरवून टाका, कुठल्याही भाषेतल्या, एक "मी बॉलवर" साठी आणि एक "मी रिंगवर" साठी, आणि मॅचमध्ये तिसरं काही बोलायचं नाही.

प्रॅक्टिसला काय करायचं

पाच विरुद्ध पाच लावा, कोच स्वतः शॉट मारतो आणि मुद्दाम चुकवतो, कधी कॉर्नरमधनं, कधी वरनं. शॉट सुटल्यावर दोन सेकंदांनी शिट्टी, सगळे पुतळ्यासारखे थांबतात. आता नुसतं बघायचं. कोण टॅगवर, कोण मागं, आणि कोण मधेच उभा. मधे उभा असणाऱ्याची टीम एक पॉइंट घालवते, रिबाउंड मिळाला असला तरी. हे सुरुवातीला पोरांना अन्याय वाटतो, दोन-तीन आठवडे चालू ठेवा. मग शिट्टी काढून टाका आणि खेळू द्या, ऑफेन्सिव्ह रिबाउंडला एक पॉइंट आणि समोरच्यानं तीन सेकंदांत हाफ लाइन ओलांडली तर त्यांना एक.

रिबाउंड मिळाल्यावर काय, हे पण त्यातच घ्या. फिबात २०१४ पासून आणि एनबीएत २०१८-१९ पासून ऑफेन्सिव्ह रिबाउंडनंतर शॉट क्लॉक २४ सेकंदांना नाही, १४ ला जातंय. म्हणजे बॉल बाहेर काढून परत पहिल्यापासून सेट मांडत बसायला वेळ नाही. आत जागा असेल तर वर जा, नाही तर लगेच बाहेर पास, कारण त्या क्षणी डिफेन्स सगळा रिंगखाली गोळा झालेला असतोय आणि बाहेरचा शूटर मोकळा.

नेहमी येणारे एक-दोन प्रश्न

आमचा सेंटर लै स्लो आहे, त्याला आत पाठवला की परत येतच नाही, काय करू? त्याला पाठवाच. तो मागं राहिला तरी फास्ट गार्डला अडवणार नाही, मग आत राहून निदान दोन जणांना बॉक्स आउट करायला गुंतवू दे. फक्त तो आत असताना वर दोघं असलेच पाहिजेत.

बेंचवर आठच पोरं आहेत, चौथ्या क्वार्टरला दम संपतोय. मग चौथ्या क्वार्टरला फक्त कॉर्नरवाले पाठवा, बाकी तिघं मागं. अर्धवट दमलेला माणूस टॅगला गेला की तोच मधे उभा राहणारा होतोय.

समोरच्या टीममध्ये एकच पोरगं लै फास्ट आहे, शॉट सुटायच्या आधीच पळत सुटतंय. असं असेल तर ते पोरगं रिबाउंड करत नाही, म्हणजे आत ते चार, तुम्ही पाच. एकाला कायमचा त्याच्या मागं लावा, शॉट कुठनंही सुटो, आणि उरलेल्या चौघांनी त्यांच्या चौघांवर टॅग करायचं. दोन-तीनदा त्याला लांब पास मिळाला नाही आणि त्यांच्याच रिंगखाली रिबाउंड गेले की त्यांचा कोचच त्याला ओरडून माघारी बोलावतोय.